'जेव्हा माणूस जागा होतो' : तोंडी साक्ष आणि जमिनीचा हक्क
(जव्हार-मोखाडा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. डहाणू-उंबरगाव परिसरातील वारल्यांनी १९४५ मध्ये वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथा कशा झुगारल्या, याची ही हकिकत आजवर प्रामुख्याने लढ्याची गाथा म्हणून वाचली गेली. वनहक्काच्या दाव्यांमध्ये 'पुरावा कोणता?' हा प्रश्न कळीचा ठरला असल्याने तिचे साक्ष म्हणून वाचन करणे आवश्यक आहे.

साक्षीचे बळ आणि मर्यादा

लेखिका कायद्याच्या पदवीधर होत्या. ज्या समाजात कागद हा सावकाराचे हत्यार होता, त्या समाजाचे तोंडी सांगणे त्यांनी ग्रंथरूप केले. अन्यायाविषयी सर्वसाधारण हळहळ व्यक्त करण्याऐवजी त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या घटना सांगतात. यातच या लेखनाचे साक्षीमूल्य आहे. तथापि, दोन मर्यादा नोंदवणे भाग आहे. एक, वारल्यांचा शब्द येथे कार्यकर्तीच्या प्रमाण मराठीतून येतो. दोन, या कथनाचा मुख्य रोख जमीनदाराच्या विरोधात आहे. जंगल कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी नाही.

मोखाड्याचा प्रश्न

जव्हार-मोखाड्यात मात्र हाच प्रश्न अग्रभागी येतो. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी समाजांच्या या डोंगराळ मुलखात नाचणी-वरईची शेती उतारावर होते. अशी जमीन काही वर्षे कसून पुन्हा पडीक सोडण्याची रीत आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व अन्य कामांसाठी स्थलांतर करतात. अशी वहिवाट पाहणाऱ्याच्या नजरेस सदैव पडेलच असे नाही. पडीक म्हणजे बेवारस, असा अर्थ सहज काढला जातो.

वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ ने आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचे उद्देशिकेतच कबूल केले. 'मान्यता' हा शब्द येथे अर्थपूर्ण आहे, कारण मान्यता आधीपासून असलेल्या हक्कालाच देता येते. २००८ च्या नियमांनी वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही पुरावा मानले. विशिष्ट कागदाचाच आग्रह धरू नये आणि उपग्रह-चित्र हे इतर पुराव्यांना पर्याय ठरू नये, अशी सुधारणा २०१२ मध्ये झाली. तरीही १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करण्याचा भार दावेदारावरच राहतो. दावे फेटाळलेल्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला व त्याच महिन्याच्या २८ तारखेस तो स्थगित केला. पुराव्याचा प्रश्न हा अखेरीस बेदखलीचा प्रश्न कसा ठरतो, हे यावरून स्पष्ट होते.

सामी समाजाचा दाखला

उत्तर युरोपातील रेनडिअरपालक सामी समाजाची वहिवाटही ऋतुमानानुसार फिरती असते. स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२० रोजी गिर्यास या सामी समूहाच्या बाजूने निकाल दिला. समूहाच्या क्षेत्रात लहान प्राण्यांच्या शिकारीचे व मासेमारीचे परवाने देण्याचा हक्क अनादी वहिवाटीच्या आधारे समूहाचाच ठरला. लेखी परंपरा नसलेल्या समाजाकडून नेहमीच्या कसोटीचा पुरावा अपेक्षिता येणार नाही, ही भूमिका त्यात महत्त्वाची होती. अर्थात, तो निवाडा एका समूहापुरता होता आणि जमिनीची मालकी हा त्याचा विषय नव्हता. परंतु पुराव्याविषयीचे त्याचे तत्त्व २००८ च्या नियमांशी जुळते. भेद इतकाच की तेथे न्यायालयाने ते मालकाच्या भूमिकेतील शासनाविरुद्ध लागू केले. येथे ते नियमांत लिहिलेले असूनही अंतिम निर्णय शासकीय समितीच्या हाती राहतो.

निष्कर्ष

परुळेकरांच्या पुस्तकाचे आजचे महत्त्व या ठिकाणी दिसते. निरक्षर माणसाचा शब्द विश्वासार्ह असतो, हे त्यांनी कायद्याच्या कितीतरी आधी गृहीत धरले. मात्र तो शब्द लिहून घेणारी व्यक्ती बाहेरची होती. वनहक्क कायद्याने दाव्याचा आरंभ ग्रामसभेकडे सोपवला आहे. मोखाड्यातील ग्रामसभांनी आपल्या वृद्धांची निवेदने, पाणवठे, देवस्थाने व पडीक टाकलेल्या उतारांच्या नोंदी स्वतःच्या बोलीत, स्वतः कराव्यात आणि महाविद्यालयांनी त्यांना साहाय्य करावे. तसे झाल्यास या पुस्तकाची अपुरी राहिलेली बाजू पूर्ण होईल, असे म्हणता येते.