गहाळ नस्ती आणि नागरिकाचे कायदेशीर उपाय : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
माहिती नाकारली गेल्यास नागरिकाने काय करावे, याचे उत्तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये स्पष्ट आहे. परंतु "सदर नस्ती अभिलेखात आढळून येत नाही" असे उत्तर मिळाल्यास काय करावे, याचे उत्तर तितके स्पष्ट नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

परिसराची पार्श्वभूमी :
फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसविलेल्या निर्वासितांचे नगर म्हणजे उल्हासनगर. येथील मालमत्तेचा हक्क पिढीजात वहिवाटीपेक्षा कागदावर, म्हणजे सनद व वाटपपत्रावर उभा राहिला. पुढे अनधिकृत बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि ८५५ इमारतींवर पाडकामाचे संकट आले. २००६ मध्ये राज्य शासनाने केवळ या शहरासाठी बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा केला. २८ मे २०२१ रोजी येथील एका इमारतीचे स्लॅब कोसळून ७ जणांचा मृत्यू झाला. अशा शहरात बांधकाम परवानगीची नस्ती हा निवाऱ्याचा आणि प्रसंगी जिवाचा पुरावा ठरतो. शेजारच्या अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदांच्या हद्दीत सदनिका घेणाऱ्यासही हेच लागू आहे.

उपलब्ध उपाय व त्यांची मर्यादा :
जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत माहिती न दिल्यास कलम १९(१) अन्वये प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यावर असते. कलम २० अन्वये प्रतिदिन २५० रुपये व कमाल २५,००० रुपये शास्ती होऊ शकते. तथापि द्वितीय अपिलाच्या निर्णयास अधिनियमात कालमर्यादा नाही आणि शास्तीची कमाल रक्कम २००५ पासून तीच आहे.

याहून गंभीर उणीव कलम २० च्या शब्दरचनेत आहे. मागणी झालेली माहिती नष्ट केल्यास ते कलम लागू होते. अर्ज येण्यापूर्वीच नस्ती नाहीशी झाली असेल, तर आजचा अधिकारी "माझ्या कार्यकाळात ती नव्हतीच" असे म्हणून सुटू शकतो. परिणामी विलंब दंडनीय ठरतो आणि विलोप मात्र निसटतो.

ही पळवाट न्यायालयांनी अंशतः बुजविली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने भारत संघ विरुद्ध विश्वास भांबुरकर या प्रकरणात (२०१३) नस्ती सापडत नाही एवढे सांगणे पुरेसे नसून शोध व जबाबदारीनिश्चिती आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयाने विवेक कुलकर्णी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात (२०१५) गहाळ अभिलेखाबाबत पोलिसांत तक्रार नोंदविण्याचे निर्देश दिले.

फौजदारी उपायाची चिकित्सा :
महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अन्वये विहित पद्धतीखेरीज अभिलेख नष्ट करणे हा गुन्हा असून त्यास ५ वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत. पोलिसांनी तक्रार न घेतल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार प्रथम वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे व नंतर दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. येथेही अडचण उरतेच. नस्ती 'नष्ट केली' हे सिद्ध करणे एक आणि ती 'सापडत नाही' हे दुसरे. निव्वळ हलगर्जीपणा या दोहोंच्या मधल्या फटीत लपतो. शिवाय शिक्षा झाली तरी नागरिकाच्या हाती कागद येत नाही.

म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते या उपायांचा केंद्रबिंदू शिक्षेकडून अभिलेखाच्या पुनर्बांधणीकडे सरकला पाहिजे. त्यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कलम १९(८)(अ) अन्वये आयोग अभिलेख व्यवस्थापनात सुधारणा करण्यास सांगू शकतो, तर कलम १९(८)(ब) अन्वये नुकसानभरपाई देववू शकतो. बांधकामाशी संबंधित कागद एकाच कपाटात नसतात. नोंदणीकृत करारनामा दुय्यम निबंधकाकडे, कर आकारणीची नोंद कर विभागात, तर नकाशाची प्रत वास्तुविशारदाकडे असू शकते. त्यांवरून नस्ती ठरावीक मुदतीत पुन्हा उभी करण्याचा आदेश अपिलातच मागितला पाहिजे.

समारोप :
नस्ती हरवल्याने नुकसान होते ते सदनिकाधारकाचे. लाभ मात्र ज्याची स्वाक्षरी त्या नस्तीत होती त्याला होण्याचा संभव असतो. ही विषमता जोवर कायम आहे, तोवर 'आढळून येत नाही' हे उत्तर कार्यालयाला सोयीचेच राहील. शोध, पुनर्बांधणी, भरपाई व फौजदारी तक्रार या चारही मागण्या एकत्र करणे हाच आजच्या कायद्यात उपलब्ध असलेला परिणामकारक मार्ग होय. महाविद्यालयांतील विधी व राज्यशास्त्र विभागांनी अशी अपिले लिहिण्याचे साहाय्य नागरिकांना दिल्यास अध्यापनाला या परिसरात प्रत्यक्ष उपयोग लाभेल.