कुलूपबंद घर आणि निवृत्तांची प्रवासवर्णने

मराठीत प्रवासवर्णनांचा तोटा नाही. तोटा आहे तो प्रवास संपवून घरी परतणाऱ्या माणसाच्या वर्णनाचा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ह्या वाङ्मयप्रकारात एका नव्या लेखकवर्गाची भर पडली आहे. बँकेतून, रेल्वेतून, महाविद्यालयांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून साठीच्या आसपास मोकळे झालेले सद्गृहस्थ सपत्नीक युरोप किंवा काश्मीर पाहून येतात आणि पुढल्या दिवाळीच्या आत त्यांचे दीडशे पृष्ठांचे पुस्तक स्वखर्चाने प्रसिद्ध होते. त्याची एखादी प्रत कोणा पाहुण्याच्या सामानातून चंडीगढसारख्या दूरच्या गावी आमच्यापर्यंतही येऊन पोहोचते. अशी पुस्तके आम्ही पुष्कळ वाचली आहेत. त्यांची थट्टा करणे फार सोपे आहे आणि ती अनेकांनी करून झाली आहे. आम्हांस तिच्यात रस नाही. बदलीच्या गावी जे मराठी छापील अक्षर हाती येईल ते आदराने वाचावे लागते, आणि आदराने वाचल्यावर दोष अधिक स्पष्ट दिसतात.

ह्या पुस्तकांचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. आरंभी पारपत्राची धावपळ व सामानाची वजने, नंतर विमानतळावर जमलेली मंडळी, सहल-व्यवस्थापकाच्या कार्यतत्परतेची स्तुती, मनोऱ्याची उंची, पुलाची लांबी, बर्फात काढलेली छायाचित्रे, परमुलुखात अकस्मात ताटात पडलेले श्रीखंड, आणि अखेरीस मायभूमीचे दर्शन. चंडीगढला ह्या वर्णनांत सामान्यतः अर्धे पृष्ठ मिळते. आखीव रस्ते, रॉक गार्डनमधल्या फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्या, दुपारचे जेवण आणि शिमल्याकडे प्रयाण, एवढ्यात आमचे गाव आटोपते. त्याबद्दल आमचा रुसवा नाही, कारण शिमल्याच्या वाटेवरचे गाव म्हणूनच ते त्यांच्या कार्यक्रमात आलेले असते. परंतु ते बाग-शिल्प नेकचंद नावाच्या एका रस्ते-निरीक्षकाने नोकरी सांभाळून, कोणास न सांगता, १९५७-५८च्या सुमारास मांडायला घेतले आणि १९७६ साली ते लोकांसाठी खुले झाले, ही गोष्ट तरी निवृत्त सरकारी नोकराच्या लेखणीला थांबवील अशी आमची अपेक्षा असते. साहेबाच्या नकळत आयुष्यभर काहीतरी मनासारखे करीत राहावे, ही इच्छा कोणत्या कारकुनास परकी आहे? तरी लेखणी थांबत नाही. बस सुटायची असते.

आमचा मुख्य आक्षेप मात्र साच्याविषयी नाही. ह्या पुस्तकांतून घर गाळलेले असते, हा तो आक्षेप आहे. साठ वर्षांचे जोडपे पंधरा दिवस घराला कुलूप लावून निघते, ही साधी गोष्ट नव्हे. ते कुलूप का लावता आले, किल्ली कोणापाशी राहिली, मुलगा कोठे असतो, सून काय म्हणाली, ह्यांपैकी एक शब्दही छापला जात नाही. जणू हे जोडपे विमानतळावरच जन्मास आले आणि तेथेच अंतर्धान पावले.

ह्या मौनाचे कारण शोधू गेल्यास आपल्या परंपरेत थोडे मागे जावे लागते. वार्धक्यात घर सोडण्याला आपल्याकडे सबळ निमित्त लागे. काशी-रामेश्वर हे त्यांतले सर्वमान्य निमित्त. गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून निघाले ते तरुण होते आणि द्रव्यार्जनासाठी निघाले होते. परंतु परतताना त्यांनी गंगेची कावड खांद्यावर आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. म्हणजे म्हाताऱ्यांनी गंगेकडे जावे किंवा गंगा म्हाताऱ्यांकडे यावी, एवढाच विकल्प होता. शिमल्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. अण्णासाहेब कर्वे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, पृथ्वीपर्यटनास निघाले तेही महिला विद्यापीठाचे कार्य जगापुढे मांडण्यासाठी व निधी जमविण्यासाठी. केवळ मौजेसाठी, नवराबायकोने, उतारवयात, स्वतःच्या पैशाने हिंडावे ही कल्पनाच आपल्याकडे अगदी अलीकडची आहे. १९८४ साली केसरी ही संस्था निघाली, २०१३ साली वीणा वर्ल्ड निघाली, ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळ्या सहली निघू लागल्या, आणि पाहता पाहता ती मध्यमवर्गाची रीत झाली. ही रीत आम्हांस मनापासून मान्य आहे. चाळीस वर्षे दुसऱ्याच्या घड्याळावर चाललेल्या माणसाने आपल्या पैशाने बर्फ पाहिला तर त्यात कोणाचे काय गेले?

परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने विचार करता एक चमत्कारिक वस्तुस्थिती ध्यानात येते. मौजेच्या सहली वाढीस लागण्याच्या आधीच आपल्या रंगभूमीने वृद्ध दांपत्याचे चित्र कायमचे रंगवून ठेवले होते. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. त्यात अप्पासाहेब बेलवलकर निवृत्त होताच सर्वस्व मुलांना वाटून टाकतात, आणि मग कावेरीसह त्यांचा जो प्रवास सुरू होतो तो मुलाच्या घरून मुलीच्या घरी आणि तेथून रस्त्यावर. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तील नाना-नानी तर कोठेच जात नाहीत. ते वाट पाहतात, आणि त्या वाट पाहण्यातच त्यांचा अंत होतो. १९९८ सालच्या 'तू तिथे मी' ह्या चित्रपटातही मुलांच्या संसारांच्या सोयीसाठी उतारवयात एकमेकांपासून दूर पडणारे जोडपे आहे. तिन्ही कलाकृतींत म्हातारी माणसे एक तर हलविली जातात किंवा ताटकळत बसतात. आपल्या इच्छेने तिकीट काढून कोणीही निघत नाही.

नाटककारांस ह्याचा दोष देण्याचे कारण नाही. शोकांतिकेला असे जोडपे लागते, आणि त्या काळचे घरही तसे होते. पण ह्या नाटकांचा जो प्रेक्षक तेथे डोळे पुसून बाहेर पडला तोच पुढे निवृत्त झाला, आणि त्याने 'नटसम्राटा'पासून दोन धडे घेतले, असे आमचे मत आहे. पहिला, घर मुलाच्या नावावर करू नये. दुसरा, हातपाय चालतात तोवर आपले आपण निघावे. ह्या दृष्टीने पाहिले असता निवृत्तांची सहल ही 'नटसम्राटा'ला मध्यमवर्गाने दिलेली मूक प्रत्युत्तरे होत. त्या सहलीच्या पाठीशी अप्पासाहेबांची भीती उभी असते. स्वित्झर्लंडच्या बर्फात हसतमुखाने उभे असलेले जोडपे मनातल्या मनात सांगत असते की, आम्ही कोणाच्या दारात उभे नाही. ही भीती आणि हा अभिमान जर त्या पुस्तकांत उतरला असता तर मनोऱ्यांच्या उंचीसुद्धा आम्ही आनंदाने वाचल्या असत्या. परंतु घरचे उणे चारचौघांत काढू नये ह्या संस्काराने लेखकाचा हात धरलेला असतो, आणि म्हणून घर गाळले जाते. राहतो तो नुसता कार्यक्रम.

घराबरोबर आणखी एक व्यक्ती गाळली जाते. 'सौ.' ह्या एका अक्षरात जिची बोळवण होते ती सहप्रवासिनी आरंभी डिंकाचे लाडू आणि मेतकुटाची बरणी बांधताना दिसते, मध्ये एकदा दुकानापाशी रेंगाळते, आणि पुढे पृष्ठेच्या पृष्ठे तिचा पत्ता लागत नाही. तिने काय पाहिले? ह्या बाबतीत पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) अजूनही पुढे आहे. पुलं तेव्हा निवृत्त नव्हते; सरकारी नोकरीत असून प्रशिक्षणासाठी विलायतेला गेले होते. तरी त्या पुस्तकात प्रवास करणारी माणसे दोन आहेत, हे वाचक क्षणभरही विसरत नाही. पुढे तीस वर्षांनी, १९९० साली, सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी' आले. ते प्रवासवर्णन नव्हे, आत्मकथनही रूढ अर्थाने नव्हे. परंतु ज्या सहजीवनाची हसरी बाजू महाराष्ट्राने तोंडपाठ केली होती त्याचे घरातले जमाखर्च त्यात प्रथम दिसले. काहींस ते रुचले नाही. आमच्या मते ही दोन पुस्तके एकापाठोपाठ एक वाचल्यावाचून कोणत्याही निवृत्त गृहस्थाने प्रवासवर्णनाला हात घालू नये. आपण जे लिहिणार ते अर्धेच आहे, एवढे तरी त्याला उमगेल.

आता आम्हां परमुलुखातल्या नोकरदारांविषयी. हा प्रश्न आम्हांस अधिक बोचतो, कारण आमच्या बाबतीत घर आणि प्रवास ह्यांची अदलाबदल झालेली आहे. सरकारी रजाप्रवास-सवलतीच्या १९८८च्या नियमांत प्रवासाच्या दोनच जाती आहेत, 'गृहनगर' आणि 'भारतात कोठेही'. चार वर्षांच्या कालखंडात दोन्हींचे गणित जुळवायचे असते. मध्यंतरी गृहनगराची फेरी सोडून तिच्याऐवजी ईशान्य भारत, अंदमान किंवा जम्मू-काश्मीर पाहण्याची मुभाही सरकारने दिली, तेव्हा कचेरीतील कितीतरी मराठी मंडळींनी सांगली-साताऱ्यावर काट मारून श्रीनगर पाहिले. आम्ही त्याचे समर्थनच करतो. पण सेवापुस्तकात लिहिलेले 'गृहनगर' हळूहळू केवळ एक नोंद उरते, हेही खरे. निवृत्तीबरोबर ही सवलत संपते. सरकार शेवटचा एक प्रवासखर्च देते, तो आपण जेथे स्थायिक होणार तेथवरचा. त्या अर्जातील रकाना भरताना अनेकांचा हात अडखळलेला आम्ही पाहिला आहे.

राहण्याचे घरही आमचे नसते. चंडीगढच्या मूळ योजनेत सरकारी नोकरांसाठी दर्जागणिक तेरा प्रकारची घरे आखलेली होती, मंत्र्यापासून शिपायापर्यंत. ज्याची जेवढी पायरी त्याचे तेवढे घर, आणि पायरी सुटली की घर सुटले. असे असूनही निवृत्तांचे गाव म्हणून ह्या शहराचा लौकिक आहे; ह्या बाबतीत पुण्याचे ते दूरचे भावंड शोभेल. पुण्याचा पेन्शनर मात्र पुण्यास परतलेला असतो. येथला मराठी पेन्शनर परतावे की राहावे ह्या विचारातच पहिली दोन वर्षे घालवितो, आणि त्या दोन वर्षांत त्याला सहलीच्या जाहिराती फार आवडू लागतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रॉक गार्डनमध्ये मराठी कानावर पडले म्हणून आम्ही एका वृद्ध दांपत्याशी बोलू लागलो. यजमान प्रवेशद्वारापाशी तिकिटांचा हिशेब करीत होते. बाईंनी आम्हांस मूर्तींविषयी काही विचारले नाही. त्यांनी विचारले, "तुम्ही इथे कायमचे का बदलीचे?" बदलीचे, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुळस लावता की नाही?" त्या वर्षातून दोनदा निघतात. निघताना तुळशीची कुंडी शेजारणीकडे ठेवतात, आणि परतल्यावर आठ-दहा दिवस ती रुसल्यासारखी दिसते, मग सुधारते. "ह्यांना हिंडण्याची हौस. मला परत येण्याची," असे त्या सहज बोलून गेल्या. तेवढ्यात व्यवस्थापकाने शिट्टी वाजविली.

त्या यजमानांनी पुढे पुस्तक लिहिले की नाही, आम्हांस ठाऊक नाही. लिहिले असल्यास चंडीगढला अर्धे पृष्ठ मिळाले असेल आणि कुंडीला एक ओळही नाही. वस्तुतः त्या बाईंच्या बोलण्यात ह्या साऱ्या वाङ्मयप्रकाराचे मर्म आले होते. एकाच तिकिटावर निघालेल्या दोन माणसांचे दोन निरनिराळे प्रवास चाललेले असतात. एकाचा घरापासून दूर जातो, दुसरीचा घराकडे येत असतो. कोठे हे उलटही असेल. चाळीस वर्षे जी उंबऱ्याबाहेर पडली नाही तिलाच हिंडण्याची हौस अधिक, आणि यजमानांना मात्र आपली आरामखुर्ची हवी, अशी घरेही आम्ही पाहिली आहेत. कोणतेही असो, लिहिण्याजोगे आहे ते हे, आणि ते कल्पित कथेतही फारसे आलेले नाही, प्रवासवर्णनात तर नाहीच.

पैशाची गोष्टही ह्याच कोटीतली. साठीवरील पुरुषांना रेल्वेभाड्यात ४० टक्के आणि अठ्ठावन्नवरील स्त्रियांना ५० टक्के सूट मिळे, ती मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली. त्यामुळे किती जोडप्यांच्या घरी वर्षाच्या दोन फेऱ्यांची एक झाली आणि ती एक कोणाच्या आवडीची ठरली, हा विषय एखाद्या चांगल्या लेखकाला पंधरा पृष्ठे पुरेल. सहलीची किंमत देणारे लेखक आहेत. ती किंमत कोणत्या खर्चावर काट मारून उभी राहिली हे सांगणारा आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

ह्या मासिकाच्या वाचकांत येत्या पाच-दहा वर्षांत निवृत्त होणारी मंडळी बरीच आहेत, आणि त्यांतली काही लिहिणार हेही निश्चित. त्यांना आमची एवढीच सूचना आहे की, सहलीला निघताना वह्या दोन न्याव्यात आणि दुसरी पत्नीच्या हाती द्यावी. तिने काय टिपले ते परत येईपर्यंत पाहू नये. आणि पुस्तकाचा आरंभ विमानतळावर न करता कुलपापासून करावा. निघण्याच्या आदल्या रात्री घरात काय बोलणे झाले, गॅस दोनदा कोणी तपासला, मुलाचा दूरध्वनी आला का, आणि पंधरा दिवसांनी दार उघडल्यावर आतला कोंदट वास येताच दोघांपैकी कोण आधी खिडक्यांकडे धावले, एवढे आले की मनोऱ्याची उंची गाळली तरी चालेल.