‘सेवा’ ही संज्ञा आणि द्राक्षमळा

२००५ च्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने निसर्गापासून होणाऱ्या लाभांना ‘सेवा’ ही संज्ञा रूढ केली. द्राक्षमळ्यापुरती तरी ती तोकडी पडते. ओळींमधील गवत उतारावरील माती धरून ठेवते. परंतु कोरड्या उन्हाळ्यात तेच वेलीच्या वाट्याचे पाणी ओढते. फ्रान्सचा दाखला अधिक बोलका आहे. १८६० नंतर तेथील मळे उद्ध्वस्त करणारी फिलॉक्सेरा ही कीड अमेरिकेतून आली. तिला दाद न देणारी मुळेही तेथूनच आणून त्यांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधावी लागली. यांत सेवक कोण? मराठी ‘सेवा’ शब्दात तर कर्त्याचा हेतू, किंबहुना भक्तीही, गृहीत असते. ‘उपयोग’ हा शब्द रूक्ष खरा. परंतु उपयोग करून घेणारा मळेवाला त्यात दृष्टीआड होत नाही.