सरखेल कान्होजी आंग्रे आणि मनोहर माळगावकर : चरित्र व कादंबरी यांमधील अंतर

मनोहर माळगावकर (१९१३-२०१०) हे इंग्रजीतून लिहिणारे कादंबरीकार म्हणून ओळखले जातात. मराठा लाइट इन्फंट्रीतील सेवेचा अनुभव त्यांच्या ‘डिस्टन्ट ड्रम’ (१९६०) या पहिल्या कादंबरीत उतरला. तिच्या आदल्या वर्षी त्यांनी कान्होजी आंग्रे यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. गोरेगावलगतच्या जोगेश्वरीत बालपण गेलेल्या पु. ल. देशपांडे यांनी ते पुढे मराठीत आणले. या चरित्रातील दृष्टीचा विचार माळगावकरांच्या नंतरच्या कादंबरीलेखनाच्या संदर्भात होणे आवश्यक आहे.

इंग्रजांच्या लेखी कान्होजी हे चाचे होते. वास्तविक छत्रपती शाहूंचे सरखेल या नात्याने ते व्यापारी जहाजांना दस्तक देत आणि दस्तकाविना फिरणारी जहाजे पकडत. पोर्तुगीजांचे कार्ताझ हेही असेच परवाने होते. युरोपीय सत्तेने केला तर तो अधिकार आणि मराठ्यांनी केला तर ती लूट, असा हा दुटप्पी न्याय होता. चरित्राच्या शीर्षकातच कान्होजींना ‘मराठा ॲडमिरल’ म्हणून माळगावकरांनी त्यास उत्तर दिले. १७१८ मधील खांदेरीवरील इंग्रजांचा आणि १७२१ मधील कुलाब्यावरील इंग्रज-पोर्तुगीजांचा हल्ला निष्फळ ठरला, ही घटनाही या उत्तरास पुष्टी देते.

तथापि चरित्राच्या मूळ उपशीर्षकात इंग्रजांशी झालेल्या लढायांवरच भर आहे. प्रतिपक्षाच्या दप्तरातून आरमार पाहिले की लढाई ठळक होते. गलबते बांधणारे सुतार आणि ती हाकणारे कोळी-भंडारी खलाशी मागे राहतात. नंतरच्या आवृत्तीचे ‘द सी हॉक’ हे शीर्षक तर राफाएल सॅबातिनी यांच्या १९१५ मधील त्याच नावाच्या सागरी साहसकादंबरीची आठवण करून देते. चाचेपणाच्या आरोपातून सोडविलेला नायक अशा रीतीने साहसकथेच्या साच्यात जातो.

‘द डेव्हिल्स विंड’ (१९७२) या कादंबरीत माळगावकरांनी १८५७ च्या उठावातील नानासाहेबांना प्रथमपुरुषी निवेदन दिले. इंग्रजी इतिहासातील खलनायक तेथे स्वतः बोलतो. कान्होजींच्या वाट्याला हा आवाज आला नाही.

सारांश, चरित्राने कान्होजींना प्रतिष्ठा दिली. अंतरंग उलगडण्याचे काम कादंबरीसाठी शिल्लक राहिले. ऐतिहासिक कादंबरी शिकविताना या दोन्ही कृती शेजारी ठेवल्यास पुरावा आणि कल्पना यांचे नाते विद्यार्थ्यांना अधिक स्पष्ट होईल.