दुर्बोध दिवा

पुस्तक कळलं नाही म्हणून कोणाचं काही बिघडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उलट, न कळलेल्या पुस्तकावर परिसंवाद होतात, चहा-बिस्किटं होतात, एखाद्या प्राध्यापकाची बढतीही होते. तरी मराठीतली सगळी समीक्षा आपली पुस्तकांवर! आणि जो मजकूर न कळल्यास ताशी पासष्ट मैलांच्या वेगात माणसाची गाठ थेट रस्त्याच्या कठड्याशी पडू शकते, त्याबद्दल एकाही समीक्षकाने आजवर चकार शब्द काढलेला नाही. ती उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच या लेखनाचा हेतू.

प्रस्तुत कृती (समीक्षेत 'प्रस्तुत' हा शब्द एकदा तरी यावाच लागतो, तो आला) नखाएवढी आहे. रंग पिवळा. वर तोंड उघडी, खाली दातेरी बूड असलेली एक वाटी आणि त्या वाटीत उभं एक उद्गारचिन्ह. मोटारीच्या टायरमधली हवा कमी झाली की हे चित्र स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या शेजारी उजळतं. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमची मोटार 2009 सालची आहे, त्यामुळे या कृतीचं वाचन मी वर्षानुवर्षं, पहाटे, उपाशीपोटी आणि हातमोजे घालून केलेलं आहे. अधिकारवाणी आली असेल तर ती तिथून.

आता चित्राचा अर्थ. टायर आडवा कापला तर जो छेद दिसेल तो म्हणे हा. टायर आडवा कापून आत डोकावण्याचा योग सामान्य गृहस्थाच्या आयुष्यात कितीदा येतो? आमच्या घरी या चित्राचा पहिला अर्थ 'काहीतरी उकळतंय' असा लागला होता. शेजारच्या गृहस्थांना त्यात घोड्याचा नाल दिसला आणि नाल शुभ असतो म्हणून ते निश्चिंत होते. एकेकाळी आपल्याकडे नवकवितेवर दुर्बोधतेचे आरोप होत, तेव्हा कवी म्हणत, वाचकाने थोडे कष्ट घ्यावेत. ते ठीकच आहे. पण कविता वाचताना वाचकाच्या बाजूने अठरा चाकांचा ट्रक जात नसतो.

आशयाबद्दल मात्र वाद नाही. आशय थोर आहे आणि तो रक्ताने लिहिला गेला आहे, हे अलंकारिक नाही. 2000 साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने पासष्ट लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेच फोर्डच्या एक्सप्लोरर या उंच गाडीवर होते. धावता धावता टायरचं वरचं कातडं सुटायचं आणि गाडी उलटायची. अशा अपघातांत अमेरिकेत दोनशेहून अधिक माणसं दगावली. कमी हवेवर तापलेला टायर हे त्यातलं एक कारण होतं. त्याच वर्षी संसदेने कायदा केला, पुढे त्याचे नियम झाले आणि 1 सप्टेंबर 2007 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा आला. इतक्या मरणांनंतर जन्मलेल्या कृतीकडे आपण गांभीर्याने पाहायला हवं, आणि नेमकं तेच होत नाही. का होत नाही, हाच समीक्षेचा विषय आहे.

पहिला आरोप असा की हा दिवा थंडीत खोटं बोलतो. मंडळात दर डिसेंबरला कोणीतरी हे म्हणतंच. "अहो, काही नाही, थंडी आहे म्हणून लागतो. दोन मैल गेलं की जातो." हा आरोप मी साफ फेटाळतो. हिशेबच करा. दारावरच्या पट्टीवर 32 पौंड हवा सांगितली आहे आणि तुम्ही सप्टेंबरातल्या 80 अंश फॅरनहाइटच्या दुपारी बरोबर 32 भरलीत. दर 10 अंश उतरले की साधारण एक पौंड हवा उतरते. डिसेंबरातल्या पहाटे पारा 20 वर, म्हणजे सहा पौंड गेले. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला पौंडभर हवा अशीच निघून जाते, त्याचे तीन. उरले 23. कायदा म्हणतो, सांगितलेल्या हवेपेक्षा पाव हिस्सा कमी झाली, म्हणजे 32 ची 24 झाली, की दिवा लागला पाहिजे. लागला! यात खोटं काय? दोन मैलांनंतर टायर तापतो, हवा फुगते आणि काही गाड्यांत दिवा मालवतो. पण टायरमध्ये हवा तेवढीच असते. तापाची गोळी घेतल्यावर थर्मामीटर खाली आला म्हणून कोणी आदल्या रात्रीच्या थर्मामीटरला खोटारडा म्हणत नाही.

उलट माझी तक्रार अशी की दिवा फार उशिरा बोलतो. 25 पौंडांवर तो गप्प बसला तरी त्याला कायद्याने कोणी जाब विचारू शकत नाही. दिवा नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असा समज करून हिंडणारी जी मंडळी आहेत, त्यांचा हा समज दिव्याने कधीच दिलेला नाही. पण गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीची वाक्यं घालणं हा आपल्याकडे जुना छंद आहे.

इथपर्यंत मी दिव्याचा वकील. आता खरी भानगड.

प्रत्येक चाकात, हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, एक लहानसा सेन्सर असतो. तो आतला दाब मोजतो आणि रेडिओवरून गाडीला कळवतो. चाक थांबलं की तोही डुलकी काढतो; चाक फिरू लागलं की इमानेइतबारे बातम्या देतो. त्याच्या पोटात लिथियमची बॅटरी असते आणि तिचं आयुष्य पाच ते दहा वर्षं. बॅटरी संपली की बदलू, म्हणाल तर ती मसाल्यात कायमची पुरलेली असते. सेन्सरच नवा घ्यायचा, टायर उतरवून. म्हणजे 2009 सालच्या गाडीतल्या या चार वार्ताहरांचं काय झालं असेल, ते मी सांगायला नको. त्यातून इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने अल्युमिनियमचा व्हॉल्व्ह आणि त्यातली पितळी पिन एकमेकांना असे चावतात की पुढे ते वेगळे होत नाहीत. काही संसार असे असतात.

सेन्सर मेला की काय होतं? तोच दिवा लागतो. होय, तोच! हवा कमी असेल तर दिवा सरळ लागतो आणि स्थिर जळतो. यंत्रणाच बिघडली असेल तर गाडी सुरू केल्यावर एक ते दीड मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर जळतो. 'टायर मरतोय' आणि 'मी मेलोय' ही दोन विधानं बहुतेक गाड्यांत एकाच चित्रात बसवलेली आहेत आणि त्यांतला फरक फक्त पहिल्या दीड मिनिटात कळतो. त्या दीड मिनिटात माणूस काय करत असतो? पट्टा लावतो, काच पुसतो, खिशात किल्ली शोधतो (ती स्टिअरिंगपाशी लावलेली असते) आणि घरातलं कोणीतरी दुसऱ्या कोणाला तरी "गॅस बंद केलास ना?" असं विचारतं. दीड मिनिटानंतर दोन्ही पाठ शब्दशः सारखे. श्लेष हा अलंकार खरा, पण तो डॉक्टरांच्या चिठ्ठीत आणि मोटारीच्या डॅशबोर्डवर वापरू नये.

दिव्यावरचं भाष्य म्हणजे गाडीबरोबर मिळणारं पुस्तक. भाष्यकार जिथे मूळ कठीण असतं तिथे गप्प असतात आणि सोपं असतं तिथे पानं भरतात, ही परंपरा या पुस्तकानेही पाळली आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी विक्रेत्याला भेटा. मी भेटलो नाही. गल्लीतल्या मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, चारही सेन्सर बदलायचे तर चारशे डॉलरच्या आसपास. मग त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि अतिशय हळुवारपणे विचारलं, "ही अजून किती वर्षं ठेवणार?" वधूपित्याला विचारावं तसा तो स्वर होता. एका चाकाचा सेन्सर मेला की उरलेल्या तिघांचे दिवसही भरत आलेले असतात, हेही त्यानेच सांगितलं. काही गाड्यांत तर डिकीतल्या स्टेपनीलासुद्धा सेन्सर असतो. चारही चाकं मोजून, फुगवून, कुरवाळूनही दिवा जात नाही, आणि गुन्हेगार मागे गालिच्याखाली झोपलेला असतो.

काही गाड्यांत सेन्सर नसतातच. कमी हवेचं चाक किंचित लहान होतं आणि भरभर फिरतं, हे ब्रेकच्या यंत्रणेतून ताडून दिवा लावतात. युक्ती सुंदर आहे. पण जुन्या धर्तीच्या या यंत्रणेत चारही चाकं सारखीच उतरली तर तिला काही कळत नाही, कारण तिच्या जगात सगळेच सारखे पडलेले असले की कोणीच पडलेला नसतो. आणि हवा न भरता नुसतं बटण दाबून दिवा घालवला, तर ती त्या बसलेल्या टायरलाच प्रमाण मानते. काही समीक्षकांचीही अशीच पद्धत आहे, पण नावं घेत नाही.

आमचे एक स्नेही आहेत. त्यांच्या जुन्या गाडीतला हा दिवा आठ महिने अखंड जळत होता. सेन्सर मेलेले, बदलायचे पैसे गाडीत घालायची इच्छा नाही. रात्री गाडी चालवताना तो पिवळा डोळा खुपतो म्हणून वहिनींनी एके दिवशी पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं आणि एक मोठी मरून टिकली त्याच्यावर लावून टाकली. बरोब्बर बसली. येणारा-जाणारा तारीफ करायचा. सरकारचीही हरकत नव्हती. न्यू जर्सीत 2010 पासून खासगी मोटारींची तपासणी धुरापुरती उरली आहे. इंजिनाचा दिवा जळत असला तर नापास करतात, टायरच्या दिव्याबद्दल कोणी विचारत नाही. पुढे ती गाडी मुलीकडे गेली, कॉलेजला जायला. टिकलीखाली काही आहे, हे तिला माहीतच नव्हतं. तिला वाटलं, आईने गाडीला हळदीकुंकू केलं असेल. मागच्या डाव्या चाकात खिळा कधी घुसला कोण जाणे. टर्नपाइकवर टायर फाटला तेव्हा ती मधल्या लेनमध्ये होती. पोरीने गाडी कशीबशी कडेला आणली आणि डिसेंबरच्या अंधारात तासभर कठड्यापलीकडे उभी राहिली. ठीक आहे ती. पण वहिनी अजून ती गोष्ट सांगत नाहीत. स्नेहीच सांगतात, तेही त्या आत गेल्यावर.

मी वहिनींना दोष देणार नाही. 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पण त्या गोष्टीतलं पोर निदान खोटं बोलत होतं. इथे पोर बिचारं केव्हाच मेलेलं आहे आणि त्याची आरोळी तेवढी माळावर चालू राहिली आहे. आठ महिने अखंड ऐकू येणाऱ्या आरोळीला गावकरी दुसरं काय करणार? कान झाकणार, दार लावणार, टिकली लावणार. दिवा बनवणाऱ्यांनी नव्या गाडीच्या गिऱ्हाइकाचा विचार केला. त्या गाडीला पंधरा वर्षांनी कोणीतरी वापरणार आहे, बहुधा ज्याच्याकडे चारशे डॉलर सुटे नाहीत असा कोणीतरी, त्याचा विचार केलेला दिसत नाही. या कृतीतला माझ्या मते सर्वांत मोठा दोष हा.

मी स्वतः बारा डॉलरचं हवा मोजायचं गेज घेतलं आहे. महिन्यातून एका रविवारी, गाडी चालवायच्या आधी, टायर गार असताना चारही चाकांपाशी उकिडवा बसतो. आकडा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीतला धरतो. टायरच्या अंगावर छापलेला असतो तो जास्तीत जास्त किती, याचा आकडा, आणि तो पाहून हवा ठासणारी माणसं मी पाहिली आहेत. न्यू जर्सीत आणखी एक गंमत आहे. पेट्रोल स्वतः भरायला इथे कायद्याने बंदी आहे. त्याला माणूस लागतो. हवा मात्र स्वतःची स्वतः भरायची, आणि बहुतेक ठिकाणी यंत्रात पैसे टाकून. ते यंत्र पैसे पडल्यापासून मिनिटं मोजतं, त्यामुळे साठी उलटलेले गृहस्थ चार चाकांभोवती नळी घेऊन मुंजातल्या बटूसारखे पळताना दिसतात.

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. नवी गाडी घेतली, त्याचं कौतुक चाललं होतं. डिकी केवढी मोठी आहे म्हणून सांगत होता. मी विचारलं, "स्टेपनी कुठंय रे?"

"स्टेपनी नाहीये, मामा. टायरचा दिवा आहे ना! शिवाय पंक्चर काढायचं किट दिलंय."

आपल्याकडे 2020 पासून तसा नियमच आहे: ट्यूबलेस टायर, हवेचा दिवा आणि दुरुस्तीचं किट असेल तर मोटारीला स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे अमेरिकेत दिवा स्टेपनीच्या जोडीला आला, तर आपल्याकडे तो तिच्या रिकाम्या खुर्चीवर बसू लागला आहे. मी त्याला बॅटरीचं सांगितलं. दहा वर्षांनी काय होतं ते सांगितलं. टिकलीचं सांगितलं. तो हसला.

"तुला एक गेज पाठवू का?" मी म्हटलं.

"कशाला, मामा? इथं पंपावर पोरगा फुकट हवा भरून देतो की."

"किती भरतो?"

"ते त्याला माहीत असतं."