मजकुरात नसलेला कोल्हा

पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' हे १९६८ सालचं पुस्तक मला मुलांना मराठीत सांगायला फार आवडतं, कारण त्यात सांगण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. एक कोंबडी फिरायला निघते. अंगण ओलांडून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून, गिरणीजवळून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवणाच्या वेळेला घरी परत येते. मूळ इंग्रजीत हे ३२ शब्दांत, एकाच वाक्यात उरकलंय. त्या ३२ शब्दांत कोल्हा कुठेच नाही. चित्रांत मात्र तो पहिल्यापासून तिच्या मागावर आहे आणि दर वेळी सपशेल तोंडावर आपटतोय.

हे पुस्तक एका शाळेत वाचलं जाताना मी पाहिलं होतं. पहिलीची पोरं "कोल्हा! कोल्हा!" म्हणून ओरडत होती आणि बाई त्यांना दटावत होत्या, "मध्ये बोलायचं नाही, आधी ऐका." पुस्तक मिटल्यावर बाईंनी विचारलं, "सांगा बरं, कोंबडी कुठे कुठे गेली?" मुलांनी शहाण्यासारखी यादी म्हणून दाखवली. कोल्ह्याचा विषय निघालाच नाही. त्या बाई वाईट शिक्षिका नव्हत्या. त्यांनी तेच केलं, जे आपण बहुतेक सगळे करतो. छापलेलं ते खरं, दिसणारं ते गमतीपुरतं.

मराठी बालवाङ्मयाचा आरंभच तसा आहे. १८०६ साली तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने 'बालबोध मुक्तावली' छापलं गेलं. ते इसापच्या गोष्टींचं भाषांतर होतं. म्हणजे गोष्ट आणि तिच्या शेपटाला बांधलेलं तात्पर्य ही जोडी आपल्याकडे दोनशे वर्षांहून जुनी. चित्रपुस्तकं पुष्कळ उशिरा आली, पण बोलणं तेच राहिलं. "यावरून आपण काय शिकलो?" या प्रश्नाने आजही कितीतरी चांगल्या पुस्तकांचा मुडदा पडतो. लहानग्यांच्या बाबतीत त्याचाच धाकटा भाऊ भेटतो: "हे काय आहे? याचा रंग कोणता? किती बदकं आहेत?" याला चित्रवाचन म्हणतात, पण ही हजेरी आहे. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं आणि मुलालाही हे ठाऊक असतं की याला ठाऊक आहे. अशा गप्पांत कोण रमेल?

पुस्तकांची तक्रार आता पूर्वीइतकी करता येणार नाही. एक काळ असा होता की डोळा सुखावणारी चित्रं बघायची तर अनिल हवालदारांनी मराठीत आणलेली रशियन पुस्तकंच शोधावी लागत. आता तूलिका आणि प्रथम बुक्स मराठीत आहेत आणि स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून फुकट वाचायला मिळतं. मुख्य म्हणजे माधुरी पुरंदरे आहेत, स्वतः लिहिणाऱ्या आणि स्वतः चित्रं काढणाऱ्या. त्यांना २०१४चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६चा पहिला बिग लिटल बुक पुरस्कार मिळाला, त्या बातम्या सगळ्यांनी छापल्या. त्यांच्या चित्रांविषयी कोणी काय लिहिलं, हे शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. आपल्याकडच्या परीक्षणात कथानक येतं, भाषा ओघवती ठरते आणि शेवटच्या ओळीत 'चित्रेही सुंदर आहेत' असं म्हणून समीक्षक चप्पल घालतात. 'राधाचं घर'मधल्या राधाच्या घरातली माणसं कशी बसतात, कशी वाकतात, यातून ती माणसं कळतात. ते बोलण्यासाठी आपल्या समीक्षेकडे शब्दच नाहीत, आणि जे समीक्षकाकडे नाहीत ते शिक्षकाकडे कुठून येणार? मुलांशी चित्रांवर बोलता न येणं हे मुलांचं नव्हे, आपलं अपुरं शिक्षण आहे. पुरंदरे यांच्याच 'वाचू आनंदे'त चित्रं नुसती उताऱ्याच्या सजावटीला येत नाहीत, थांबून बघायला येतात. ही पुस्तकं पुष्कळ घरांत पोचली आहेत. त्यातली थांबण्याची सवय तेवढी पोचली नाही.

आता माझा अनुभव सांगते. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात शनिवारी दहा-बारा मुलं येतात. 'रोझी' वाचून झाल्यावर मी एवढंच विचारलं, "कोंबडीला माहिती आहे का हो, कोल्हा मागे आहे ते?" मला खरंच माहीत नव्हतं. अजूनही नाही.

"नाही! ती बघतच नाही मागे."

"माहितीये. म्हणून तर ती बरोब्बर तिथूनच जाते."

पुस्तक हिसकावून घेतलं गेलं. पानं मागे-पुढे झाली. गिरणीच्या चित्रावर एका मुलाने बोट आपटलं: कोंबडीच्या पायात एक दोरी अडकली आहे आणि त्या दोरीमुळेच वरची पिठाची पिशवी कोल्ह्यावर रिकामी होते. इतक्या वेळा वाचून ती दोरी मी धड पाहिलीच नव्हती. "बघा, तिनेच ओढली!" दुसरा म्हणाला, "ओढली नाही, अडकली." अडकली की ओढली, यावर पाचेक मिनिटं खडाजंगी झाली. मग एरवी गप्प असणारी, चौथीतली एक मुलगी म्हणाली, "तिला माहितीये. ती मुद्दाम बघत नाहीये. माझी ताई पण बघत नाही, रस्त्यात मुलं मागे लागली की."

सगळे गप्प झाले. मीही.

हे बोलणं कुठल्याही प्रश्नपत्रिकेतून निघालं नसतं. मुलांशी अशाच गप्पा मारण्याविषयीचं इंग्रज लेखक एडन चेंबर्स यांचं 'टेल मी' हे पुस्तक १९९३चं. ग्रंथालय चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणांतून ते आपल्याकडेही पोचलंय. त्यांचे मूळ प्रश्न चारच: काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कोड्यात टाकून गेलं आणि कशाचा कशाशी मेळ लागतोय असं वाटलं. 'का?' हा प्रश्न ते टाळायला सांगतात, कारण तो अंगावर येतो. त्याऐवजी 'मला सांग'. मराठीत तर हे आणखी सोपं, आपल्याकडे 'सांग की' आहे आणि 'सांग ना' आहे. त्या 'ना'मध्ये अर्धं काम होतं. पण या चार प्रश्नांचंही आपण काय करतो, तर त्यांचे चार रकाने आखून वर्कशीट छापतो. 'मला कोड्यात टाकणारी गोष्ट' या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलेले कागद मी गठ्ठ्याने पाहिले आहेत. रकाना असला की तो भरला जातो, आणि भरला की बोलणं संपतं.

थांबणं ही या कलेतली सगळ्यात अवघड गोष्ट. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांत मोजून पाहिलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. करून बघा. मनात एक, दोन, तीन मोजताना जीव जातो. आई-बाबांना तर ते जमतच नाही, कारण त्यांना रात्री नऊच्या आत दिवा मालवायचा असतो. हेही खरंच आहे म्हणा.

दुसरी गोष्ट शुद्ध भाषेची. मूल म्हणतं, "कोल्ह्यानी तिला धरायला बघितलन्." आपण म्हणतो, "बघितलन् नाही, बघितलं." झालं, त्या क्षणी मुलाचं लक्ष कोल्ह्यावरून स्वतःच्या जिभेवर येतं. वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाची तर याहून पंचाईत, त्याने पाहिलेलं सगळं आपल्याला मराठीत हवं असतं. अशी मुलं असलेल्या पालघर जिल्ह्यात 'क्वेस्ट' या संस्थेच्या 'गोष्टरंग' उपक्रमात नाटकवाली मंडळी आश्रमशाळांतल्या मुलांपुढे चित्रपुस्तकातली गोष्ट उभी करतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे गोष्टीशी पहिली ओळख परीक्षेतून नाही, तर खेळातून होते. मात्र नाटकवाले गेल्यावर पुस्तक कपाटात जातं की मुलांच्या हातात राहतं, यावर पुढचं सगळं ठरणार.

आमच्या त्या शनिवारी वेळ संपत आला होता. मी पुस्तक आवरत होते, तेवढ्यात दाराशी चपला शोधणारा एक लहानगा परत आला आणि शेवटचं पान उघडायला लावून म्हणाला, "ताई, ही जेवायच्या वेळेला घरी आली. मग कोल्ह्याने काय खाल्लं?"

बाकीची मुलं बाहेरून परत आत आली.