निकाल लागण्याआधीची पुस्तके

मोठ्या शहरातल्या कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात नेतृत्वावरच्या पुस्तकांनी एक आख्खी भिंत अडवलेली असते. त्यातली बहुतेक पुस्तके शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिलेली आहेत. आधी कंपनी मोठी होते, शेअरचा भाव वधारतो, आणि मग तिच्या प्रमुखाच्या सवयींत, बैठकांत, पहाटे उठण्यात यशाची कारणे शोधली जातात. नोकरी-व्यवसायातल्या माणसाला पुस्तक सुचवताना मी एकच गोष्ट पाहतो. निर्णय घेतला त्या दिवशी त्या माणसाला काय ठाऊक नव्हते, हे पुस्तक सांगते का? ही कसोटी लावली की भिंतीवरची बरीच गर्दी कमी होते.

जिम कॉलिन्स यांचे ‘गुड टू ग्रेट’ (२००१) हे या गर्दीतले सर्वांत प्रामाणिक आणि म्हणूनच सर्वांत बोलके उदाहरण. कॉलिन्स यांनी संशोधकांचा गट बसवून, शेअर बाजारातली वर्षानुवर्षांची कामगिरी तपासून अकरा कंपन्या निवडल्या आणि त्यांच्या प्रमुखांत नम्रता व जिद्द यांचा दुर्मीळ मिलाफ असल्याचे मांडले. किंबर्ली-क्लार्कच्या डार्विन स्मिथ यांनी कंपनीचा मूळ धंदा असलेल्या कागद गिरण्या विकायला काढल्या, तो भाग आजही वाचावा असा आहे. पण त्या अकरांपैकी सर्किट सिटी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि फॅनी मे त्याच वर्षी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. असे पूर्वीही झाले होते. पीटर्स आणि वॉटरमन यांच्या ‘इन सर्च ऑफ एक्सलन्स’मधल्या (१९८२) काही कंपन्या दोनच वर्षांत अडचणीत आल्याचे ‘बिझनेस वीक’ने दाखवून दिले होते.

असे का होते, याचे उत्तर फिल रोझेनझ्वाइग यांच्या ‘द हेलो इफेक्ट’मध्ये (२००७) आहे. सिस्को तेजीत होती तेव्हा ग्राहकांकडे लक्ष देणारी, शिस्तीने दुसऱ्या कंपन्या विकत घेणारी म्हणून तिचे कौतुक झाले. २००१ मध्ये भाव कोसळला आणि तिच्या त्याच गुणांवर टीका सुरू झाली. कंपनी फारशी बदलली नव्हती, बदलला होता निकाल. मुलाखती, बातम्या आणि सर्वेक्षणे निकालाच्या उजेडात रंगलेली असतील, तर त्यांवर उभा केलेला सिद्धान्तही तसाच रंगणार. म्हणून कॉलिन्स वाचायचे तर रोझेनझ्वाइग हाताशी ठेवून वाचावेत, असे मी आग्रहाने सांगतो.

जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख राहिलेल्या जॅक वेल्च यांच्या आत्मचरित्राची (२००१) गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण त्याची किंमत वाचकांच्या हाताखालच्या माणसांनी मोजली. दरवर्षी तळाच्या दहा टक्के लोकांना काढायचे, ही त्यांची पद्धत आपल्याकडेही आली. हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या कुणालाही अप्रेझलच्या दिवसांत या ‘बेल कर्व्ह’चा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी प्रतिस्पर्धी झाला की त्याला मदत करणे तोट्याचे ठरते, एवढी साधी गोष्ट त्या पुस्तकाला दिसत नाही. खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही पुढे ही पद्धत सोडली. २०१८ मध्ये कंपनी डाऊ जोन्स निर्देशांकातून बाहेर पडली, २०२४ पर्यंत तिचे तीन तुकडे झाले, आणि पुस्तक मात्र अजून विकले जाते.

मग सुचवायचे काय? माझ्या यादीत सर्वांत वर अँडी ग्रोव्ह यांचे ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ (१९८३) आहे. इंटेलसारखी कंपनी चालवणारा हा माणूस सुरुवात करतो ती न्याहारीपासून: तीन मिनिटांचे उकडलेले अंडे, लोणी लावलेला टोस्ट, कॉफी. तिन्ही गरमागरम आणि एकाच वेळी टेबलावर यायला हवीत. सर्वांत जास्त वेळ अंड्याला लागतो, म्हणून सगळे वेळापत्रक अंड्यापासून मागे मोजायचे. हाच हिशोब ते पुढे भरतीला आणि प्रशिक्षणाला लावतात. नेता म्हणजे कोण, या चर्चेत ते पडत नाहीत. तुमच्या विभागाचे आणि तुमचा प्रभाव पडतो त्या शेजारच्या विभागांचे काम, तेच तुमचे काम, असे ते धरून चालतात.

या पुस्तकातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट अशी. विक्री विभागातला एक अतिशय अनुभवी, कर्तबगार व्यवस्थापक कारखान्यात आणला गेला आणि त्याचे काम ढासळले. माणूस तोच, त्याची समजही तीच, पण या कामाची त्याला सवय नव्हती. ग्रोव्ह यातून काढतात ते इतकेच: एका माणसाला एका कामात मोकळे सोडावे आणि दुसऱ्या कामात रोज विचारपूस करावी. ‘माझी स्टाइल अशी आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाने हे प्रकरण वाचायला हवे.

त्यांचेच ‘ओन्ली द पॅरानॉइड सर्व्हाइव्ह’ (१९९६) माझ्या कसोटीला पुरेपूर उतरते. १९८५ मध्ये जपानी कंपन्यांनी मेमरी चिपच्या बाजारात इंटेलला जेरीस आणले होते. आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करील, असे ग्रोव्ह यांनी इंटेलचे सहसंस्थापक गॉर्डन मूर यांना विचारले. मेमरीतून बाहेर पडेल, असे उत्तर आले. हा प्रसंग सगळीकडे सांगितला जातो. पण पुस्तकाचे मोल त्यानंतरच्या पानांत आहे. उत्तर सापडल्यावरही ग्रोव्ह महिनोन्‌महिने अडखळत राहिले, सहकाऱ्यांपुढे ते स्पष्ट बोलू शकेनात. आणि कारखान्याचे नियोजन करणारे मधल्या फळीतले लोक तर केव्हापासूनच, जास्त नफा कशात आहे ते पाहून, मेमरीची क्षमता मायक्रोप्रोसेसरकडे वळवत होते. वरच्यांना निर्णय घेता येत नव्हता तेव्हा खालच्यांनी तो आकड्यांच्या आधारे घेऊन टाकला होता. हे इतक्या उघडपणे लिहिणारे प्रमुख फार थोडे.

खालच्यांना जे दिसते ते वर का पोचत नाही, यावर एमी एडमंडसन यांचे ‘द फिअरलेस ऑर्गनायझेशन’ (२०१८) वाचावे. रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना त्यांना उलटेच दिसले. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. पुढे उलगडा झाला की त्या गटांत चूक सांगायला लोक घाबरत नव्हते. आज एचआरच्या सादरीकरणांत या कल्पनेचा पार चोथा झाला आहे, तरी मूळ पुस्तक भक्कम आहे. पीटर ड्रकर यांचे ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ केवळ स्वतःच्या वेळेची नोंद ठेवायला लावते म्हणूनही घ्यावे. स्टीफन कोवी यांच्या पुस्तकातल्या सात सवयी स्वतःपुरत्या ठीक, माणसे चालवताना अपुऱ्या पडतात.

भारतीय पुस्तकांत वर्गीस कुरियन यांचे ‘आय टू हॅड अ ड्रीम’ (२००५) मी सुचवतो, त्यातल्या दोषांसकट. सरकारी शिष्यवृत्तीच्या बंधनामुळे १९४९ मध्ये नाइलाजाने आणंदला आलेला हा अभियंता तिथल्या सहकारी दूध संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल यांच्या शब्दाखातर तिथेच राहिला. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये कारखाना सुरू झाला. हा भाग उत्तम आहे. पण मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्याशी असलेले भांडण कुरियन यांनी शेवटपर्यंत मिटू दिले नाही, आणि १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार या दोघांना व त्रिभुवनदासांना मिळून दिला गेला होता. आपल्यानंतर कोण, या प्रश्नावर पुस्तक कच्चे आहे. पुस्तक आले त्याच्या पुढच्याच वर्षी आपणच घडवलेल्या दूध महासंघाचे अध्यक्षपद त्यांना वादात सोडावे लागले. ज्याला संस्था उभी करायची आहे त्याने हे पुस्तक आणि त्यानंतरचे ते वर्ष एकत्र वाचावे.

मराठीत शिवाजी महाराजांना मॅनेजमेंट गुरू ठरवणारी पुस्तके आणि व्याख्याने उदंड आहेत. आधुनिक सूत्रे आधी आणि प्रसंग मागाहून, अशी त्यांची रचना असते. त्यापेक्षा रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सरळ वाचावे. महाराजांच्या कारभारातून आलेल्या माणसाने अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेला हा राज्यकारभाराचा ग्रंथ आहे. आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगताना अमात्य आंबा-फणसाला हात लावू देत नाहीत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे. सत्ता हातात असताना कुठे थांबायचे, हे इथे एका झाडाच्या व्यवहारातून कळते.

उद्योगांबद्दल मात्र मराठीत गौरवग्रंथच फार. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना घ्या. शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना अध्यक्षपदी बसवले आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. १९५० च्या अखेरीस पहिला गळीत हंगाम सुरू झाला. भागभांडवल देताना शेतकऱ्याला कशाची भीती वाटत होती, पहिल्या हंगामात उसाचा भाव कुणी आणि कसा ठरवला, अध्यक्ष-उपाध्यक्षांचे कुठे जमले नाही, हे ग्रोव्ह यांच्या मोकळेपणाने सांगणारे पुस्तक कुणीतरी लिहायला हवे. प्रवरानगरच्या आसपास त्या पिढीच्या घरांत कागदपत्रे असतील तोवरच ते लिहिता येईल.